मामाला तडीपारीची नोटीस आलीये आणि पासपोर्टही अडकलाय, कोणाला अनुभव आहे का?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र असते पण आता अगदी गळ्याशी आलंय म्हणून लिहितेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझा मामा रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या गावात राहतो, हायस्कूलला मास्तर होता, आता रिटायर. गेली बरीच वर्षं वाळू उपशाच्या मागे लागलाय. परवाना हातपाटीचा, म्हणजे हाताने वाळू काढायचा, आणि रात्री चालतात सक्शन पंप, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहितीये. खाजणाचे (खाडीलगतच्या जमिनीचे) बांध ढासळले, खालच्या वाडीच्या विहिरी खारट झाल्या, तरी कोणी बोलायला तयार नाही कारण अर्ध्या गावाचे डंपर. मामाने माहिती अधिकारात रॉयल्टीच्या पावत्या मागवल्या, एकाच पावतीवर किती किती गाड्या गेल्या ते बाहेर आलं आणि तिथून सगळं फिरलं.

त्याच्यावर केसेस आहेत, लपवत नाही. २०१६ च्या रास्ता रोकोत १४३ (बेकायदा जमाव) आणि ३४१ (वाट अडवणं), करोनात जमाव जमवला म्हणून १८८ (सरकारी आदेश मोडणं), आणि २०२२ मध्ये पंचनाम्याची नक्कल हातात मिळेपर्यंत उठणार नाही म्हणून तहसील कचेरीत बसून राहिला तर थेट ३५३, म्हणजे सरकारी नोकराला कामापासून रोखायला बळ वापरल्याचं कलम. आता प्रांताधिकाऱ्यांकडून नोटीस आलीये. भाषा बघा, "आपण धोकादायक इसम असून आपल्या दहशतीमुळे साक्षीदार उघडपणे साक्ष देण्यास धजावत नाहीत, सबब आपणास रत्नागिरी, रायगड व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून दोन वर्षांकरिता हद्दपार का करण्यात येऊ नये." हा माणूस शुगरच्या गोळ्या खाऊन जगतो आणि शेजाऱ्याचं कुत्रं बांधलंय का ते विचारून मग अंगणात पाय ठेवतो. आजीला बायका विचारतायत की मास्तर गुंड कधीपासून झाले, तिने देवळात जाणंच बंद केलंय.

दुसरं लफडं पासपोर्टचं. बँकॉकला नद्या आणि किनाऱ्यांवर काम करणाऱ्या लोकांची बैठक आहे, मामाला बोलावलंय, येण्याजाण्याचा खर्च तेच देणार. पासपोर्टची मुदत संपलेली, रिन्यूअलला टाकला तर पोलीस व्हेरिफिकेशन अॅडव्हर्स (प्रतिकूल) आलं. समजा मिळालाच तर एअरपोर्टवर अडवतात का? आमच्या ओळखीतले एक म्हणाले लुकआउट असेल तर तिथेच उचलतात. खरं काय नि अफवा काय काही कळत नाहीये. आणि नोटिशीला उत्तर द्यायचं की सरळ हायकोर्टात जायचं?

रोखठोक

ताई, राग मानू नका पण ३५३ उगाच लागत नाही. सरकारी माणसाने काम कसं करायचं? कायद्याला त्याचं काम करू द्या, निर्दोष असतील तर सुटतील की. आजकाल जो तो कार्यकर्ता.

काळा कोट

रोखठोक साहेब, सुटतीलच, पण सुटेपर्यंत घर कुठे असेल हा धाग्याचा विषय आहे. असो.

खाडीकाठची, आधी नोटिशीचं बोलू कारण त्याला तारीख असते. हे महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ५६. अजून हा आदेश नाही, कलम ५९ खालची कारणे दाखवा नोटीस आहे. म्हणजे मामांना लेखी उत्तर द्यायचा, वकील लावायचा, स्वतःचे साक्षीदार तपासायला सांगायचा हक्क आहे. आत्ताच हायकोर्टात गेलात तर कोर्ट बहुतेक वेळा म्हणतं की आधी तिथे म्हणणं मांडा. आणि तारखेला गैरहजर राहू नका, एकतर्फी आदेश निघतो. आदेश निघाला तर कलम ६० खाली ३० दिवसांत शासनाकडे, म्हणजे गृह खात्याकडे अपील, आणि त्यावर हायकोर्टात रिट. रत्नागिरी असल्यामुळे आता मुंबईला खेटे नकोत, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय.

आता उत्तरात काय लिहायचं ते नीट वाचा. ५६(१)(ब) लावायला हिंसेचा गुन्हा लागतो नाहीतर जुन्या आयपीसीच्या १२, १६ किंवा १७ व्या प्रकरणातला. १४३ आठव्या प्रकरणातलं, १८८ दहाव्यातलं, ही दोन्ही बाद. ३४१ आणि ३५३ मात्र सोळाव्यात येतात, म्हणून तर सरकारी नोकराशी झालेल्या बाचाबाचीला ३५३ लावून ठेवलं की पुढे उपयोगी पडतं. (वाळूचोरीचं ३७९ सतराव्यात आहे बरं का, तडीपारीला अगदी फिट, पण पंपवाल्यांना अशी नोटीस आल्याचं माझ्या ऐकिवात नाही.) शिवाय नुसता गुन्हा असून भागत नाही, साक्षीदार भीतीने पुढे येत नाहीत असं अधिकाऱ्याचं मत व्हायला हवं आणि त्याला काहीतरी आधार हवा. तहसील कचेरीतल्या घटनेत साक्षीदार कोण असणार? कारकून, शिपाई, मंडळ अधिकारी. ते सगळे सरकारी नोकर एका रिटायर मास्तरला घाबरून साक्ष देत नाहीत का, हा प्रश्न उत्तरात अस्साच्या अस्सा टाका.

फाइलीत दोन 'गोपनीय जबाब' असतील, असतातच. त्यातली नावं मिळणार नाहीत. सुप्रीम कोर्टाने पंढरीनाथ रांगणेकर प्रकरणात फार पूर्वीच सांगितलंय की आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप कळवलं की पुरे. पण म्हणजे काळ, ठिकाण, काय केलं एवढं तरी सांगायला पाहिजे. 'गावात दहशत आहे' एवढ्यावर भागत नाही.

दोन निकाल जोडा. पहिला रहमत खान, ऑगस्ट २०२१, अमरावतीचे पत्रकार आणि माहिती अधिकारवाले. मदरशांच्या अनुदानात गैरव्यवहार झाल्याच्या तक्रारी केल्या, मग त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले, मग तडीपारी. हायकोर्टात हरले, सुप्रीम कोर्टाने आदेश रद्द केला आणि हा त्यांच्या तक्रारींचा सूड आहे असं स्पष्ट म्हटलं. दुसरा दीपक डोंगरे, जानेवारी २०२२, जालन्याचा. त्यात कोर्ट म्हणतं की तडीपारीने माणसाचा देशात कुठेही फिरण्याचा मूलभूत हक्कच जातो, हे उठसूट वापरायचं हत्यार नाही, जुने शिळे गुन्हे चालणार नाहीत, आणि पूर्ण दोन वर्षं द्यायची तर तेवढी का ते लिहायला पाहिजे. तुमच्या २०१६ च्या रास्ता रोकोला हे बरोबर लागतं.

आणि हो, तीन जिल्हे का? गावात दहशत आहे तर सिंधुदुर्गातून का हाकलताय, हेही विचारा.

खाडीकाठची

काळा कोट, खूप खूप आभार, प्रिंट काढून मामाला पाठवलं. त्याने दोनदा वाचलं आणि पहिलं काय विचारलं असेल तर "डोंगरेचा निकाल मराठीत मिळेल का". मास्तर तो मास्तरच.

रोखठोक, तुमच्यावर राग नाही. तुम्ही एकदा रात्री आमच्या खाडीवर या, पंपाचा आवाज ऐका, मग बोलू.

फाइल पेंडिंग

पासपोर्टवर मी सांगतो, अर्धं आयुष्य लोकांचे फॉर्म भरण्यात गेलंय.

पासपोर्ट अधिनियम १९६७, कलम ६(२)(एफ), फौजदारी कोर्टात खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. पण नुसता एफआयआर म्हणजे खटला नव्हे. परराष्ट्र मंत्रालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये लेखी कळवलंय की कोर्टाने दखल घेतल्याशिवाय खटला प्रलंबित धरायचा नाही. पोलीस ठाण्यातून मात्र सगळंच एका ओळीत लिहून जातं, "गुन्हे दाखल आहेत", आणि रिपोर्ट अॅडव्हर्स. तेव्हा प्रत्येक केसची आजची स्थिती काढा, चार्जशीट झालंय का, कुठली निकाली निघालीये का. १८८ च्या करोनातल्या बऱ्याच केसेस सरकारने मागे घेतल्या, तुमची त्यात गेली असेल तर कोर्टातून नक्कल आणा.

३५३ चं चार्जशीट गेलं असेल तर ज्या कोर्टात केस आहे तिथूनच परवानगी आणावी लागेल. २५ ऑगस्ट १९९३ ची अधिसूचना आहे, जीएसआर ५७०, तिच्याखाली कोर्टाची ना हरकत असेल तर पासपोर्ट मिळतो. एक गोम आहे, कोर्टाने मुदत लिहिली नाही तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो, म्हणून अर्जातच "दहा वर्षांकरिता" असं मागा. वकील हे विसरतात आणि लोक दर वर्षी पुन्हा रांगेत. नाकारलाच तर कारण लेखी मागा, कलम ११ खाली अपील आहे.

आणि फॉर्ममध्ये केसेसच्या रकान्यात "नाही" लिहू नका हो, पाया पडतो. मेधाताई पाटकरांना २०१९ मध्ये मुंबई पासपोर्ट ऑफिसने यावरूनच नोटीस काढली होती, मध्य प्रदेशातल्या आंदोलनाच्या केसेस दाखवल्या नाहीत म्हणून. शेवटी त्यांनी पासपोर्ट जमा केला. आंदोलनात इतके गुन्हे लागतात की कुठे किती चालू आहेत हे माणसाला स्वतःलाही ठाऊक नसतं, आणि मग तीच लपवाछपवी ठरते.

बोर्डिंग पास

लुकआउटबद्दल. ओळखीतले म्हणतात तसं दिसताक्षणी उचलतातच असं नाही. एलओसीमध्ये, म्हणजे लुकआउट सर्क्युलरमध्ये, लिहिलेलं असतं काय करायचं ते, अटक करा, जाऊ देऊ नका, किंवा नुसतं आम्हाला कळवा. इमिग्रेशनचा अधिकारी फक्त स्क्रीनवरची सूचना पाळतो, त्याच्याशी भांडून उपयोग शून्य. तो सर्क्युलर कोणी काढायला लावला ते तो सांगत नाही आणि प्रतही देत नाही. आपल्या नावाचा एलओसी आहे का हे आधी तपासायची सोय नाही, काउंटरवरच कळतं. गृह मंत्रालयाच्या सूचनांप्रमाणे एलओसी कशासाठी, तर दखलपात्र गुन्ह्यात जो अटक चुकवतोय किंवा वॉरंट निघूनही कोर्टात येत नाही त्याच्यासाठी. तारखांना हजर राहणाऱ्या तुमच्या मामाला खरं तर लागू नाही. पण त्यातच पुढे एक अपवाद आहे, देशाचं आर्थिक हित, व्यापक जनहित वगैरे, आणि त्या पिशवीत काहीही मावतं.

प्रिया पिल्लईंचं बघा. ११ जानेवारी २०१५, दिल्ली विमानतळ. ग्रीनपीसमध्ये काम, मध्य प्रदेशातल्या महानच्या कोळसा खाणीबद्दल ब्रिटिश खासदारांसमोर बोलायला लंडनला निघालेल्या. व्हिसा आहे, तिकीट आहे, एकही शिक्षा नाही, पासपोर्टवर 'ऑफलोड' असा शिक्का मारून परत. सरकार कोर्टात म्हणालं की त्यांचं तिथे बोलणं देशाच्या आर्थिक हिताला बाधक. मार्चमध्ये दिल्ली हायकोर्टाने एलओसी रद्द केला आणि तो शिक्काही पुसायला लावला, सरकारच्या धोरणाच्या विरोधात बोललं म्हणजे देशविरोधी झालं नाही असं बजावलं. छान निकाल आहे, पण बैठक जानेवारीतच होऊन गेली होती, त्यांनी स्काइपवरून म्हणणं मांडलं.

पत्रकार राणा अय्यूब, २९ मार्च २०२२, आपल्या मुंबई विमानतळावरच अडवलं, ४ एप्रिलला हायकोर्टाची परवानगी. लेखक आकार पटेल त्यानंतर आठवड्याभरात बेंगळुरूला, आणि ते तर सुरतच्या कोर्टाकडून प्रवासासाठी पासपोर्ट सोडवून आलेले. दिल्लीच्या कोर्टाने दुसऱ्याच दिवशी एलओसी मागे घ्यायला सांगितलं आणि सीबीआय संचालकांनी लेखी माफी मागावी असंही म्हटलं, माफीचा भाग वरच्या कोर्टाने काढून टाकला, एलओसी रद्द तो रद्दच. काश्मीरच्या फोटोग्राफर सना इर्शाद मट्टू यांना तर त्याच वर्षी दोनदा, जुलैत पॅरिसला जाताना आणि ऑक्टोबरमध्ये पुलित्झर घ्यायला न्यूयॉर्कला जाताना.

सगळ्यात बोलकं प्रकरण काश्मीरचे मानवी हक्क कार्यकर्ते खुर्रम परवेझ यांचं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत निघाले होते, दिल्लीला अडवलं, परत श्रीनगरला गेले तर घरून उचललं आणि तिथल्या जनसुरक्षा कायद्याखाली ७६ दिवस आत. हायकोर्टाने ती स्थानबद्धता बेकायदेशीर ठरवली तोवर जिनिव्हातलं ते अधिवेशन कधीच संपलेलं. पुढे २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये एनआयएने (राष्ट्रीय तपास संस्था) यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक केली.

यातून सरळ दिसतं ना, अडवणाऱ्याला केस जिंकायचीच नसते, त्याला फक्त ती एक तारीख चुकवायची असते. म्हणून मामांनी आत्ताच बँकॉकच्या लोकांना सांगून ठेवावं की व्हिडिओवर बोलायची सोय तयार ठेवा. जाताना कोर्टाचा आदेश, निमंत्रण, परतीचं तिकीट हँडबॅगेत. नेहमीपेक्षा बरंच लवकर पोचा. वकिलाचा नंबर कागदावर लिहा, फोन काढून घेतला तर पाठ कोणाला असतात नंबर. अडवलं तर शांतपणे एवढंच म्हणा, "कोणत्या कारणाने ते लिहून द्या." देणार नाहीत, तरी मागितलं होतं हे नंतर रिटमध्ये लिहिता येतं.

सूरपारंबी

मी नंदुरबारकडची, जंगल हक्काच्या दाव्यांचं काम करते. विमानतळ वगैरे लांबची गोष्ट, आमच्याकडे तालुक्याच्या बाहेर जाऊ देत नाहीत तेव्हा कोणी बातमीही करत नाही.

मंत्री येणार असले की आदल्या रात्री १४९ ची, म्हणजे काही गुन्हा करू नका अशा ताकिदीची नोटीस (आता नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं, बीएनएसएसचं १६८, पण ठाण्यात अजून १४९ च म्हणतात). हवालदार येतो, पाणी पितो, नोटीस हातात देतो आणि "ताई जरा इकडे बघा" म्हणून देताना फोटो काढतो, तो त्यांच्या ग्रुपवर टाकावा लागतो. सकाळी मग "साहेबांनी बोलावलंय" म्हणून ठाण्यात, बाकड्यावर बसायचं, चहा मिळतो, गुन्हा नाही, अटक नाही, डायरीत नोंद नाही. मंत्र्यांचं हेलिकॉप्टर उडालं की घरी जा. वर्षातून एकदा चॅप्टर, चांगल्या वर्तणुकीचा बाँड. गोपनीय शाखेचा माणूस घरमालकाला भेटून जातो, तो काहीच म्हणत नाही फक्त कोण येतं कोण जातं एवढं विचारतो, आणि महिन्याभरात मालकाच्या मुलाचं लग्न ठरतं, खोली रिकामी करा. माझ्या तीन सहकाऱ्यांच्या मालकांच्या मुलांची लग्नं अशी ठरली आणि एकाचंही अजून झालेलं नाही.

आणि जामिनाच्या अटी विसरू नका, फिरण्यावर बंदी तिथूनही येते. एल्गार परिषद खटल्यातल्या सुधा भारद्वाज डिसेंबर २०२१ ला जामिनावर सुटल्या, पण अट काय, मुंबईतल्या कोर्टाची हद्द सोडायची नाही. बाईंचं अख्खं काम छत्तीसगडच्या कामगारांमध्ये, आणि राहायला मुंबई, जिथे ना घर ना संसार. त्याच खटल्यातल्या वर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरांना २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने जामीन दिला तेव्हा महाराष्ट्र सोडायचा नाही, पासपोर्ट जमा, एकच मोबाइल, तो कायम चार्ज आणि त्याचं लोकेशन तपास अधिकाऱ्याला दिसलं पाहिजे. खटला उभा राहायचाय आणि माणूस नकाशावरचा ठिपका झालेला.

खाडीकाठची, मामांना एकट्याने तारखेला पाठवू नका. गावातले चार जण सोबत जाऊ देत, विशेषतः बायका, आणि जमलं तर त्यातल्या पाचसहा जणांनी शपथपत्र द्यावं की आम्हाला यांची कसलीही भीती वाटत नाही. खालच्या वाडीतल्या, ज्यांच्या विहिरी खारट झाल्या त्यांनीच द्यावं.

काळा कोट

सूरपारंबी, शपथपत्रांची सूचना एक नंबर, मी लिहायची राहिली होती. लोकेशनच्या अटीबद्दल भर घालतो, जुलै २०२४ मध्ये फ्रँक व्हायटस प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की आरोपीच्या हालचालीवर सतत नजर ठेवता येईल अशी अट जामिनाला घालता येणार नाही. आता जुन्या अटी बदलून घ्यायला अर्ज करता येतो.

रोखठोक

शपथपत्रं तर पंपवालेही आणतील ढिगाने. बाकी एलओसीचं मला माहीत नव्हतं, नोंद घेतली. तरी माझं मत आहे की सरकारी कचेरीत ठिय्या देणं चूकच.

फाइल पेंडिंग

ठिय्याला तीन जिल्हे तडीपारी? मग आमच्या पासपोर्ट ऑफिसच्या रांगेतले निम्मे लोक आत्तापर्यंत कर्नाटकात पाहिजे होते.

खाडीकाठची

सगळ्यांचे आभार, थोडं अपडेट. उत्तर तयार झालं, वकील रत्नागिरीचेच मिळाले, त्यांनी दोन्ही निकाल जोडले. खालच्या वाडीतल्या अकरा बायकांनी शपथपत्रं केली, एकीच्या नवऱ्याचा डंपर आहे तरी तिने सही केली, घरी काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. सुनावणी एकदा पुढे ढकलली, साहेब दौऱ्यावर. ३५३ च्या कोर्टात पासपोर्टच्या ना हरकतीचा अर्ज टाकलाय, दहा वर्षांचं आवर्जून लिहिलं. सरकारी वकिलांनी म्हणणं द्यायला मुदत मागितली, पुढची तारीख बँकॉकच्या बैठकीनंतरची पडलीये, म्हणजे यंदाचं ते गेलंच. तिकडच्यांना कळवलं, ते व्हिडिओ लावतो म्हणाले. मामा आता पावत्यांचे फोटो मोठे करून घेतोय.

एक अडलंय, प्रांत ऑफिसात उत्तराची पोच देत नाहीत. आवक जावकवाली बाई म्हणते साहेब आल्यावर शिक्का मारते, साहेब काही येत नाहीत आणि मुदत परवा संपतेय. काय करू?

काळा कोट

आजच्या आज स्पीड पोस्टने पाठवा, पावती आणि ट्रॅकिंगचा प्रिंट जपून ठेवा, शिवाय ऑफिसच्या सरकारी मेलवर पीडीएफ, प्रत जिल्हाधिकारी आणि एसपींना. आणि परवा सकाळी उघडल्या उघडल्या वकिलांना घेऊन त्याच टेबलासमोर उभे राहा. बसू नका फक्त.